‘ते’ आहे का हो तुमच्याकडे?

मी एक खुर्ची बोलतेय. खुर्ची म्हटल्यावर तुम्ही जरा सावरून बसला असाल. साहजिक आहे. खुर्चीला जगात मान आहे, खुर्चीपायी माणसं सख्ख्या भावाशी बोलेनाशी होतात. पण माझ्यासाठी एवढं सावरून बसू नका. माझ्या बैठकीच्या मधोमध एक भोक आहे. भोकाखाली भांडं आणि भोकावर झाकण. आलं लक्षात? बरं. आता नाकावरचा रुमाल काढा. मी धुतलेली आहे, तुमच्यापेक्षा जास्त वेळा.

मला कमोड खुर्ची म्हणतात. म्हणजे म्हणायला हवं. ज्याला उठून संडासापर्यंत जाता येत नाही त्याच्या पलंगाशेजारी मी उभी राहते. माझं काम एवढंच. पण गेल्या सहा वर्षांत मला माझ्या नावाने एकाखेरीज कोणी हाक मारलेली नाही. मला बाकी सगळे ‘ते’ म्हणतात.

माझा जन्म एका शेडमध्ये झाला. लोखंडी नळ्यांचा एक मोठा गठ्ठा आला होता, त्यातली मी. माझी एक बहीण बागेतल्या झोपाळ्यात गेली. तिच्यावर बसून मुलं खिदळतात. दुसरी एका कपड्याच्या दुकानात गेली, तिच्या अंगावर रोज नवे कपडे असतात. माझ्या वाट्याला भोक आलं. मला जोडणाऱ्या कारागिराने मी डगमगते का हे बघायला झाकण लावून माझ्यावर बसकण मारली आणि बसल्या बसल्या आपला डबा खाल्ला. जेवायला माझ्यावर बसलेला तो पहिला माणूस. नंतर कोणाला ते सुचलं नाही.

मला विकत घेतलं एका सेवा मंडळाने. हे मंडळ म्हणजे कागदावर बावीस माणसं, सभेला अकरा आणि वजन उचलायला चार. वाचनालयामागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी त्यांची सभा भरायची. रक्तदान, डोळे तपासणी, जुने चष्मे गोळा करणं, असली त्यांची कामं. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी अध्यक्ष होते. औषधांच्या दुकानाचे काका चिटणीस. शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या, एक फोटोवाला होता. आणि मागच्या बाकावर, दाराजवळ, एक टेम्पोवाला बसायचा. सगळे त्याला दादा म्हणायचे, त्याच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे असलेले गुरुजीसुद्धा. तो भाषण करत नसे. उचलणाऱ्या चारांत मात्र पहिला तोच.

आजाऱ्यांना वापरायला साहित्य द्यायचं असं त्या वर्षी मंडळाने ठरवलं. चाकाची खुर्ची आली, कुबड्या आल्या, वॉकर आले आणि मी आले. स्वागताचा कार्यक्रम झाला. चाकाच्या खुर्चीला लाल फीत बांधली. मला चाकाच्या खुर्चीमागे उभं केलं आणि वर चादर टाकली. फोटोवाल्याने बरेच फोटो काढले. त्यातला एक अजून वाचनालयाच्या भिंतीवर आहे. जवळ जाऊन बघितलंत तर उजव्या कोपऱ्यात, मावशींच्या चपलेशेजारी, माझा एक पाय दिसतो. सहा वर्षांत एवढीच माझी प्रसिद्धी. यादीतही वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची अशी नावं लिहिली आणि शेवटी लिहिलं, ‘इतर’. ते इतर म्हणजे मी.

आणि गंमत अशी की सगळ्यात जास्त मागणी या इतरलाच. माणसं काकांच्या औषधाच्या दुकानात यायची. आधी खोकल्याच्या गोळ्या घ्यायची. मग हवापाण्याबद्दल बोलायची. मग दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही याची खात्री करून गल्ल्यावर ओणवी व्हायची आणि विचारायची, “ते आहे का हो तुमच्याकडे?” काकाही तेवढ्याच हळू आवाजात म्हणायचे, “आहे. ते आहे.” बघणाऱ्याला वाटावं, दोघं मिळून दरोडा घालताहेत.

आता मंडळाच्या एका नियमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्याच्यावरच अडलं. सुरुवातीला साहित्य त्या मागच्या खोलीत ठेवत. खोलीला एक कुलूप, कुलपाला एक किल्ली आणि किल्ली गुरुजींच्या खिशात. एकदा गुरुजी आठ दिवस बहिणीकडे गेले. किल्लीही गेली. नेमकी त्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीतल्या एका आजारी बाईंना माझी गरज लागली. मंडळाची माणसं खिडकीशी येऊन उभी राहिली. मी त्यांना दिसत होते आणि ते मला. फोटोवाला म्हणाला, कुलूप तोडू. काका म्हणाले, कुलूप वाचनालयाचं आहे, आधी पत्र द्यावं लागेल. मग पत्राचा मसुदा करायला बसले. ‘आदरणीय’ लिहायचं की ‘माननीय’ यावर एक संध्याकाळ गेली. पत्र तयार झालं तेव्हा बाईंना गरज उरली नव्हती.

त्या शनिवारी सभेत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मागच्या बाकावरून दादा म्हणाला, “खोलीच नको.”

तेव्हापासून नियम झाला. वस्तू परत मंडळाकडे यायचीच नाही. ज्या घरातलं काम झालं त्या घरच्याने ती धुवायची, पुढच्या घरी आपल्या हाताने न्यायची आणि कशी वापरायची ते स्वतः बसून दाखवायचं. मधे कोणी हात लावायचा नाही. हे बसून दाखवण्याचं कलम खास माझ्यासाठी घातलं होतं. कारण लोक मला घरी न्यायचे, कोपऱ्यात ठेवायचे आणि लाजेपायी माझ्यावर टॉवेल वाळत घालायचे.

या नियमामुळे माझ्यावर काय काय माणसं बसली म्हणून सांगू. बँकेतले साहेब बसले, इस्त्रीच्या पँटची घडी सांभाळत. नवी सून बसली, पदर तोंडात धरून. पण ज्यांना एकट्याला जमत नसे त्यांच्याबरोबर दादा टेम्पो घेऊन जायचा, आणि दादाने बसून दाखवायचं म्हणजे तो कार्यक्रमच असायचा. झाकण लावून, पायावर पाय टाकून तो माझ्यावर ऐसपैस बसायचा आणि आजाऱ्याला म्हणायचा, “बघा, राजा बसतो तसं बसायचं. फक्त राजाला कधी इतकं मोकळं वाटत नसेल.” लाजेने भिंतीकडे तोंड केलेलं माणूससुद्धा वळून बघायचं.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मानही मला दादामुळेच मिळाला, चुकून का होईना. मंडळाचा वर्धापनदिन होता. व्यासपीठावर ठेवायला घराघरांतून खुर्च्या गोळा केल्या होत्या, एकही दुसरीसारखी नाही. ते झाकायला मावशींनी दोन-चार जास्तीच्या धरून ढगळ पांढऱ्या खोळी शिवल्या होत्या. दादा टेम्पोतून खुर्च्या घेऊन आला. त्या दिवशी मी एका घरून दुसऱ्या घरी निघाले होते, म्हणून मीही टेम्पोत होते. पोरांनी घाईत सगळंच उतरवलं. मावशींनी चष्मा न लावता सगळ्यांना खोळी चढवल्या. आणि पाठ उंच म्हणून मला नेलं थेट मधल्या जागी.

मोठ्या कचेरीतले एक साहेब प्रमुख पाहुणे होते. ते येऊन माझ्यावर बसले. सभागृहाच्या मागच्या दारात हार घेऊन उभ्या असलेल्या दादाने ते पाहिलं आणि त्याने आ वासला. आता करतो काय? साहेबांना उठा म्हणायचं कसं आणि का म्हणून सांगायचं? पुढचे पावणेदोन तास मी श्वास रोखून होते. एकदा झाकण किंचित सरकलं. साहेबांनी भुवया उंचावल्या आणि पुन्हा टेकले. भाषणात म्हणाले, “माझी कंबर दुखते, पण या खुर्चीवर फार बरं वाटलं. अशा खुर्च्या आमच्या कचेरीत हव्यात.” टाळ्या पडल्या. दादा खांबामागे जाऊन इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

दोन वर्षांनी त्याच साहेबांच्या आईसाठी मला त्यांच्या घरी जावं लागलं. दादाने बसून दाखवलं. साहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “ही कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते.” दादा म्हणाला, “सगळ्या सारख्याच दिसतात, साहेब.” आणि जिना उतरेपर्यंत त्याने हसू दाबून धरलं.

मग मी दादाच्याच घरी आले.

त्याच्या मणक्यात गाठ निघाली. महिनाभरात पायांतली ताकद गेली. वय चौतीस. घर दोन खोल्यांचं आणि घरात दोघंच, दादा आणि त्याचा धाकटा भाऊ. आई-वडील लवकर गेले होते, त्यामुळे धाकट्याला दादानेच वाढवलं होतं. धाकटा बावीस वर्षांचा, दुचाकींच्या गॅरेजमध्ये मिस्त्री. शाळा सातवीत सोडलेली. डोकं एकदम गरम आणि हात डोक्याच्याही पुढे. दादा त्याला वादळ म्हणायचा. “ए वादळा, दार हळू लाव, भिंत आपली आहे.”

मला वाटलं होतं, या घरी तरी माझं स्वागत होईल. अख्ख्या गावाला माझ्यावर बसायला शिकवलं त्या माणसाचं घर. पण दादाने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. म्हणाला, “तिकडे ठेव. मला नाही लागत.” आठ दिवस मी कोपऱ्यात उभी. माझ्यावर टॉवेल.

त्याच दिवसांत धाकट्याच्या एक गोष्ट लक्षात आली. खिडकीतल्या कुंडीतलं रोप, जे वर्षभर मरू का जगू करत होतं, ते एकदम फोफावलं होतं. आणि दादाचे ओठ फुटले होते. धाकटा गॅरेजला जाताना पाण्याने भरलेला पेला उशाशी ठेवायचा, आल्यावर तो रिकामा असायचा. तो कुंडीशी गेला, मातीत बोट घातलं. माती लिबलिबीत ओली. पाणी पोटात गेलं तर मदत मागावी लागेल, म्हणून दादा हात लांब करून पेला कुंडीत रिकामा करत होता.

धाकटा आधी ओरडला. पेला भिंतीवर आपटला. स्टीलचा होता म्हणून वाचला, पण पोचा पडला. मग माझ्यावरचा टॉवेल ओढून फेकला, मला फरफटत पलंगाशी आणलं, झाकण लावलं आणि स्वतः माझ्यावर बसला, पायावर पाय टाकून.

“बघ,” तो म्हणाला. “राजा बसतो तसं बसायचं.”

दादा बघतच राहिला. मग त्याच्या पोटातून हसू आलं, मग डोळ्यांतून पाणी आलं, मग पुन्हा हसू. म्हणाला, “वादळा, पाय नीट टाक. राजा आहेस, मिस्त्री नाहीस.” आणि हात पुढे केला.

तेव्हापासून आमचं तिघांचं जमलं. धाकट्याला आधी उचलायची रीत माहीत नव्हती, त्याने दादाला इंजिनासारखं उचललं. पण तो शिकला. काखेत हात, गुडघ्याला गुडघा, एक-दोन-तीन म्हणून वळवायचं. सात वर्षं शाळेत बसून जेवढं शिकला नव्हता तेवढं चार महिन्यांत शिकला. झालं की दादाने हाक मारायची आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या धाकट्याने यायचं, असं ठरलं. पण पुढे दादाचा आवाज खोल गेला. तेव्हा धाकट्याने गॅरेजमधून मोडक्या सायकलची घंटी आणली आणि माझ्या उजव्या हातावर स्क्रूने बसवली. विचार नाही, विचारणं नाही, डोक्यात आलं आणि केलं. आता सांगा, घंटी असलेली कमोड खुर्ची तुम्ही कुठे पाहिली आहे? मी आरशात बघत नाही ते बरं आहे. पण खरं सांगू, मला ती आवडली. चाकं मला नाहीत, निदान घंटी तरी आली.

ट्रिंग वाजली की बाहेरून आवाज यायचा, “आलो, दादा.” जिथे असेल तिथून. दाढी अर्धी झालेली असली तरी, शेजाऱ्याशी भांडण रंगात आलेलं असलं तरी. दादा कधीकधी उगीच वाजवायचा आणि तो धापा टाकत आला की म्हणायचा, “काही नाही. ब्रेक बघत होतो.”

माझ्यावर बसून हसलेला असा हा एकच माणूस.

मग एका दुपारी धाकट्याने पाण्याचा पेला दादाच्या ओठाला लावला आणि पाणी आत गेलं नाही.

घरात माणसं आली, माणसं गेली. मंडळाचे उरलेले सगळे एकवीस आले, जे कधी सभेला येत नसत तेसुद्धा. सगळे गेल्यावर धाकट्याने मला लाथ मारली. माझा पुढचा डावा पाय वाकला. माझा काय दोष, असं मी विचारलं नाही. लाथ कोणाला तरी बसणारच होती आणि घरात आता मीच होते. मग तो माझ्याशेजारी जमिनीवर बसला आणि त्याने माझा वाकलेला पाय हातात धरून ठेवला. बराच वेळ.

तीन आठवडे झाले. तो गॅरेजला जाईना. मला धुवेना आणि हलवूही देईना. एका संध्याकाळी औषधवाले काका आले. म्हणाले, बसस्टँडमागे एक निवृत्त कंडक्टर आहेत, पडले, खुब्याचं हाड मोडलंय. घरी एकटी मुलगी. ते हवं आहे.

धाकटा म्हणाला, “देणार नाही.”

काकांनी माझ्या हातावरच्या घंटीकडे पाहिलं. मग म्हणाले, “नियम तुझ्या दादाचाच आहे. ज्याच्या घरी आहे त्याच्याच हातून जाणार. आम्ही उचलून नेणार नाही.”

“मग राहील इथंच.”

“राहू दे,” म्हणाले आणि चप्पल घालून गेले. किल्ली नाही म्हणून अडलं तेव्हा कुलूप तरी तोडता आलं असतं. आता कुलूप म्हणजे हा पोरगा होता. मंडळाची माणसं तशी साधी, पण आपण केलेल्या नियमाशी इतकी इमानी की कधीकधी हसू यावं. शनिवारच्या सभेत म्हणे दुसरी खुर्ची घ्यायची का यावर चर्चा झाली, आणि तिचं यादीत नाव काय लिहायचं इथपर्यंत येऊन सभा संपली.

सभेच्या दुसऱ्या दिवशी कंडक्टरांची मुलगी स्वतः आली. पोस्टात काम करणारी, चाळिशीची, खांद्याला पिशवी. दारातच उभी राहिली. तिला माहीत होतं या घरात काय झालंय, त्यामुळे मागायला तिची जीभ रेटत नव्हती. म्हणाली, “तुमच्याकडे ते आहे असं कळलं.” धाकट्याने दाराच्या कडीला हात घातला. ती वळली. मग पुन्हा वळून, जसं काही स्वतःशीच, म्हणाली, “बाबा पाणी पीत नाहीत हो. मला उचलावं लागू नये म्हणून. मी कामावर गेले की पेला मोरीत ओतून घेतात, शेजारणीकडून.”

धाकट्याने दार लावून घेतलं. तिच्या तोंडावर.

मग तो माझ्यावर येऊन बसला. झाकण लावलेलं होतं. समोर खिडकीत कुंडी होती. तीन आठवडे कोणी पाणी घातलं नव्हतं, रोप मान टाकून पडलं होतं. तो कुंडीकडे बघत राहिला. मग उठला, कुंडीत पेलाभर पाणी घातलं, आणि फिनेल शोधायला लागला.

त्याने मला अंगणात घेऊन असं घासलं की माझा रंग दोन ठिकाणी निघाला. वाकलेला पाय हातोडीने सरळ केला. पूर्ण सरळ झाला नाही, अजूनही मी थोडी लचकत उभी राहते, तरुण बायकांना शोभेल अशी. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन तो घंटीशी आला. एक स्क्रू सैल केला. दुसरा सैल केला. घंटी हातात आली. त्याने ती अंगठ्याने एकदा वाजवली आणि थांबला, जणू आतून कोणी काही म्हणेल. कोणी म्हणालं नाही. त्याने ती परत जागेवर ठेवली आणि दोन्ही स्क्रू आधीपेक्षा घट्ट आवळले.

दादा मला नेताना चादरीत गुंडाळायचा, लोकांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. धाकट्याला चादर सुचलीच नाही. डोक्यात आलं आणि निघाला. भर दुपारी, मला उलटी डोक्यावर घेऊन, चार पाय आभाळाकडे. पावला-पावलाला घंटी किणकिणत होती. पानाच्या टपरीवरची माणसं बघत राहिली. एकाने विचारलं, काय रे हे? धाकटा म्हणाला, “कमोड खुर्ची.” मोठ्याने. माझं नाव मी चारचौघांत पहिल्यांदा ऐकलं. लाजले म्हणा.

कंडक्टरांचं घर पहिल्या मजल्यावर. मुलीने दार उघडलं आणि बाजूला झाली. कंडक्टर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. चाहूल लागताच त्यांनी पलंगाच्या दांडीवर बोटाने दोनदा टकटक केलं. मुलीने ओशाळून सांगितलं, “जा म्हणताहेत. चाळीस वर्षं गाडीवर होते ना. एकदा वाजवलं की थांबा, दोनदा वाजवलं की चला. घरातही तसंच चालतं.”

धाकटा गेला नाही. त्याने मला पलंगाशी ठेवलं, झाकण लावलं आणि माझ्यावर बसला. पायावर पाय टाकला.

“काका,” तो म्हणाला, “इकडे बघा. राजा बसतो तसं बसायचं. फक्त राजाला कधी इतकं...”

पुढचं येईना. त्याने पुन्हा सुरुवात केली. “फक्त राजाला...” आणि तिथेच, पायावर पाय टाकलेला तसाच ठेवून, तो रडायला लागला. इतके दिवस रडला नव्हता, ओरडला होता, लाथ मारली होती, पण रडला नव्हता. आणि रडायला जागा कोणती शोधली, तर परक्याच्या घरात, एका कमोडवर. मी त्याला शक्य तेवढं धरून ठेवलं. माझा डावा पाय थोडा थरथरला, पण मी पडले नाही. तेवढंच जमतं मला.

मुलगी दारात तशीच उभी. कंडक्टरांनी मान वळवली. एक दणकट पोरगा खुर्चीवर बसून कोपराने डोळे पुसतोय, हे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग दांडीवर एकदाच टकटक केलं.

“कोण होता तुझा?”

“भाऊ.”

“मोठा?”

“मोठा.”

ते छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरं. ऊठ आता. मला जायचंय. सकाळपासून.”

धाकटा ताडकन उठला. काखेत हात, गुडघ्याला गुडघा, एक-दोन-तीन. कंडक्टर माझ्यावर बसले तेव्हा त्यांना कळलंही नाही की आपल्याला कोणी उचललं. धाकट्याने त्यांचा हात घंटीवर ठेवला. म्हणाला, झालं की वाजवा. मुलीला कसं धरायचं ते सांगितलं, भांडं कसं ओढायचं ते दाखवलं, आणि दोघांनी बाहेर जाऊन दार लोटून घेतलं. तो जिना उतरायला लागला. त्याची पावलं मला ऐकू येत होती.

थोड्या वेळाने कंडक्टरांनी घंटी वाजवली. ट्रिंग.

जिन्यातून आवाज आला, “आलो, दादा.”

आणि पावलं वर आली. एक, दोन, तीन पायऱ्या. मग थांबली. मुलगी दाराशी आलेली होती, तीही थांबली. कंडक्टर माझ्यावर बसून ऐकत होते. चाळीस वर्षं त्यांनी थांबलेल्या गाडीला सोडलं होतं. त्यांनी घंटीवर अंगठा नीट ठेवला आणि दोनदा वाजवली.

ट्रिंग ट्रिंग.

जिन्यातली पावलं थोडा वेळ तशीच होती. मग खाली गेली, फाटकापर्यंत.

सध्या मी त्याच खोलीत आहे. कंडक्टर भरपूर पाणी पितात आणि दिवसातून सहा वेळा सगळ्या घराला थांबवतात आणि सोडतात. त्यांचं हाड जुळत आलंय. ते काठी घेऊन चालायला लागले की त्यांची मुलगी मला धुवेल आणि पुढच्या कोणाच्या तरी घरी नेईल, आणि तिलाही बसून दाखवावं लागेल. ती आत्तापासून लाजतेय. धाकटा गॅरेजला जायला लागलाय. शनिवारी संध्याकाळी सभेला जातो असं ऐकते, मागच्या बाकावर बसतो, दाराजवळ. बोलत नाही. एकदाच बोलला म्हणे. यादीतला ‘इतर’ खोडा आणि तिचं नाव लिहा, असं म्हणाला, आणि बोलता बोलता मुठीने बाक आपटला. गुरुजींनी लिहिलं. अक्षर चांगलं आहे त्यांचं.

तर मंडळी, एक दिवस मी तुमच्याही दारात उभी राहीन. तेव्हा माझ्यावर टॉवेल वाळत घालू नका, एवढीच विनंती. हळू आवाजात मागू नका, मला कमी ऐकू येत नाही. आणि घरात कोणी अंथरुणावर असेल, आणि त्याच्या उशाशी पाण्याचा पेला रिकामा दिसला, तर बरं वाटून पुढे जाऊ नका. आधी कुंडीत बोट घालून बघा.